झडपा

द्वोमो सरांनी पहिल्या दिवशी कागद दिलाच नाही.
भर बारा वाजता कुमासीच्या लाल मातीत
उभं केलं आम्हाला, अकरा मुलगे आणि मी,
आणि ज्याची त्याची सावली फक्कीनं आखायला लावली.
बारा वाजता सावली ती केवढी!
भाकरीएवढी, पायाखाली.
चार वाजता पुन्हा बोलावलं.
तोवर ती कुंपणापाशी पोचलेली.
'ही तुमची पहिली भिंत,' म्हणाले,
'हिला सिमेंट लागत नाही.'

स्वतः शिकले लंडनला.
पाच वर्षं तिथं छपरावर साचणाऱ्या
बर्फाचं वजन काढत बसले.
परतले तेव्हा देश नवा होता, आणि ट्रंकेत
बर्फाच्या वजनाचा एक पुठ्ठ्याचा तक्ता.
तो वर्गात खिळ्याला टांगलेला असायचा.
उकडलं की काढून
त्यानंच वारा घ्यायचे.

बांधलं फार नाही.
एक ग्रंथालय, एक बस-स्थानक,
बोल्गाटांगाला शिक्षिकांचं वसतिगृह,
आणि आईसाठी घर.
त्याची काँक्रीटची जाळी पाहून म्हातारी म्हणाली,
'पोरा, भिंत घातलीस की चाळण?'
आणि तिथं पडदा लावला, मोठमोठ्या फुलांचा.
सरांनी तो पडदा
नकाशात काढून घेतला, मापासकट.

मग सरकार उलथलं.
कचेरीच्या अर्ध्या इमारतीवर
सळया तशाच उभ्या, गंजत.
त्यांच्यावर बगळे बसायचे.
सर फळ्याकडे वळले ते चोवीस वर्षं.

मला एकदा नापास केलं. जिन्यावरून.
'डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन
चढली आहेस कधी?'
चढले होते. लहानपणी, रोज.
म्हणून तर राग आला.
म्हणून तर रात्रभर बसून
एकेक पायरी इंचभर उतरवली.

पुढे मी विद्यापीठाच्या इमारत खात्यात लागले.
एअर कंडिशनर आले त्या वर्षी फाईल आली:
ग्रंथालयाच्या झडपा बुजवाव्यात, गारवा बाहेर जातो.
ओडुम लाकडाच्या तीनशे बारा झडपा.
आदेशाखाली सही: सेर्वा अचाम्पोंग.
म्हणजे मीच.

सर आले, काठी टेकत.
नारळ वाजवून पाहतात
तसं प्लायवूड वाजवून पाहिलं.
मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.
त्यांनी विचारलं, 'तक्ते आठ बाय चारचे?'
'हो, सर.'
'मग दर खिडकीला नऊ इंच वाया गेलं असेल.'
गेलं होतं.

एप्रिलात, परीक्षेच्या आठवड्यात, वीज गेली.
सकाळी पाहते तर पूर्वेकडचे चार तक्ते उखडलेले,
आत कागद फडफडतायत,
आणि टेबलांवर डोकी ठेवून झोपलेली पोरं.
चौकशी माझ्याकडेच आली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: वाळवी.

परवाच्या शनिवारी सरांचा अंत्यविधी.
काळ्या-लाल वस्त्रांतली सगळी माणसं,
प्लास्टिकच्या खुर्च्या, भाड्याचा मांडव,
त्याचं तोंड नेमकं पश्चिमेला.
तीन वाजले. ऊन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत घुसलं.
भाषण चालू होतं: थोर, द्रष्टा, शिल्पकार.
मी उठले. मांडववाल्या पोराला म्हटलं, खांब उपट.
'बाई, बोलतायत ना ते.'
'बोलू दे.'
मागून आणखी पाच जण उठले,
टकलं पडलेले, कुणाचे गुडघे गेलेले.
आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

खुर्च्या वळल्या. वक्ता थांबला,
घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून लागला.
आणि त्या पाचांतल्या एकानं, फक्की नव्हती म्हणून,
चपलेच्या टाचेनं
मातीवर सावलीची कड आखली.